घरासाठी स्टीम क्लीनर: घ्यावा का, आणि घेतला तर कोणता?

रंकाळाकाठ | ८ सप्टेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. गणपती गेले, आता घटस्थापना २२ तारखेला. म्हणजे घर धुवायला हातात दोन आठवडे. चादरी-गोधड्यांचं काही नाही, त्या निघतात. माझं दुखणं आहे ओट्यामागची भिंत.

आमच्याकडं दर रविवारी मटण. तांबड्या रश्श्याची फोडणी पडली की चिमणी असूनसुद्धा तेल उडतं ते उडतंच. टाइल्स पुसल्या की निघतात, पण मधले जॉइंट पांढऱ्याचे पिवळे, पिवळ्याचे तपकिरी झालेत. दात घासायचा ब्रश आणि लिक्विड घेऊन बसले होते मागच्या वर्षी. दोन तासांत हातभर जागा झाली आणि मान आखडली ती वेगळीच.

आता स्टीम क्लीनरचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय. वाफ मारली की मळ ओघळतोय! नवरा म्हणतो, व्हिडिओत सगळंच निघतंय. म्हणून इथं विचारते.

घर कोल्हापुरात राजारामपुरीत, तिसरा मजला, दोन बेडरूम. वापरायचं पाणी बोअरचं. कामं अशी: ओट्याची भिंत, बाथरूमच्या टाइल्स आणि नळावरचे पांढरे डाग, सोफा, मुलाची गादी कारण त्याला सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात, आणि मागच्या बेडरूमच्या भिंतीवर पावसात धरणारी बुरशी. बजेट बारा हजार, फार तर चौदा.

आणखी एक अडचण. सासूबाईंचं म्हणणं, पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही. आणि साफसफाई तर पंधरवड्यातच करायची. काय करू?

उद्यमनगरी | ८ सप्टेंबर, रात्री १०:१५

ताई, मशिनआधी घरातला सॉकेट बघा. हे मी वायरमन म्हणून सांगतोय.

घरगुती मशिन १२०० ते २००० वॅटचं असतं. १५०० ला २३० नं भागा, साडेसहा ॲम्पिअर येतात. आपल्या ओट्यावर मिक्सरसाठी जो छोटा सॉकेट असतो तो ६ ॲम्पिअरचा. त्यात घातलं तर लगेच काही होत नाही, तिथंच घोळ आहे. वीस मिनिटांनी सॉकेट गरम होतो, प्लास्टिक पिवळं पडतं, आणि एके दिवशी वास येतो. गीझरचा असतो तसला १६ ॲम्पिअरचा मोठा पॉइंट पाहिजे, त्याला अर्थिंग पाहिजे, आणि एकाला एक जोडलेलं स्वस्तातलं एक्स्टेन्शन नको. हातात ओलं मशिन धरून काम करायचं असतंय, त्यामुळं ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाईन तोडणारा खटका, नसेल तर तोही बसवून घ्या. पेठेतल्या जुन्या घरांत तर मी आधी हेच बघतो.

बिलाची काळजी नको. तासभर सलग चालवलं तरी दीड युनिट.

म्युनिकवासी_करवीरकर | ९ सप्टेंबर, रात्री १:३०

माझ्याकडे इथे दोन वर्षं स्टीम मॉप आहे. फरशीसाठी छान, पण तुमच्या यादीत फरशी नाहीच. भिंतीवर तो उचलून धरावा लागतो, हात मोडतात. आणि लाकडी फरशी असलेल्या कुणी हे वाचत असेल तर सांभाळून. माझ्या हॉलच्या लॅमिनेटच्या कडा फुगल्या. घरमालकाला अजून सांगितलेलं नाही.

पेठेतला_दादा | ९ सप्टेंबर, सकाळी ८:०५

तुमच्याकडं फरशी शहाबादी आहे का विचारा आधी :) आमच्या वाड्यात शहाबादी आहे. वाफ मारली की दगड पाणी पितो आणि दोन दिवस ढगाळ दिसतो. बादली आणि फडकं बरं.

निवृत्त_बॉयलरवाला | ९ सप्टेंबर, सकाळी ९:२०

मी साखर कारखान्यात बॉयलरवर तीस वर्सं काडली. तवा वाफंबद्दल चार गोष्टी सांगतो, मशिन कंचं बी घ्या.

पयली गोष्ट. डोळ्याला पांढरी दिसती ती वाफ न्हवं. ते थंड होऊन झालेलं पाण्याचं बारीक थेंब. खरी वाफ दिसत न्हाई. नोझलच्या तोंडाशी बगा, बोटभर जागा मोकळी दिसती आणि मग पांढरं सुरू होतं. त्या मोकळ्या जागंत जोर हाय. वीतभर लांब धरून फवारा मारला तर भिंतीवर नुसतं गरम धुकं पडतंय. व्हिडिओतल्या बाया लांबनं मारत्यात, ते दिसायला चांगलं म्हणून.

दुसरी गोष्ट, बार, म्हंजी दाबाचं माप. घरातल्या कुकरची शिट्टी व्हती तवा आत साधारण १ बार जादा दाब असतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास. हे मशिन ३ बारचं असलं तर आत १४० च्या वर. म्हणजे कुकरपेक्षा तिप्पट दाबाचं भांडं तुमी हातानं वडत फिरणार. झाकण उगडायची घाई करायची न्हाई. खटका बंद, मग वाफ पूर्ण सोडून द्यायची, मग थांबायचं, मग झाकण.

तिसरी गोष्ट, फसवणूक कशी वळखायची. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ किलोज्यूल लागत्यात. १५०० वॅटनं मिनिटाला ९० किलोज्यूल मिळत्यात. भागाकार करा, मिनिटाला ४० ग्रॅम वाफ. त्याच्यावर सलग जाऊच शकत न्हाई. खोक्यावर १५०० वॅट आणि १०० ग्रॅम वाफ छापलं आसंल तर त्यातलं साठ ग्रॅम नुसतं गरम पाणी हाय. वॅट बगा.

चौथी गोष्ट बोअरच्या पाण्याची, ती दुपारनं लिवतो. जेवायला बोलावलंय.

रंकाळाकाठ | ९ सप्टेंबर, सकाळी १०:४०

आबा, नोझलच्या तोंडाची गोष्ट वाचून मी लगेच चहाच्या किटलीच्या चोचीकडं बघितलं. खरंच मोकळी जागा दिसते! इतकी वर्षं चहा करते, कधी लक्षात आलं नव्हतं.

उद्यमनगरीदादा, ओट्यावर छोटेच सॉकेट आहेत. मोठा फक्त फ्रिजमागं आणि बाथरूमबाहेर.

निवृत्त_बॉयलरवाला | ९ सप्टेंबर, दुपारी ३:१०

हां, चौथी. कारखान्यात आमी बॉयलरला साधं पाणी कधी पाजत न्हाई. रस आटवताना जी वाफ थंड हुती तिचंच पाणी परत फिरवायचं, न्हाईतर क्षार काडलेलं पाणी. का? वाफ जाती वर, क्षार ऱ्हातो खाली. रोज लिटरभर बोअरचं पाणी आटवलं की आत चुन्याचा थर बसतो, थराखाली उष्णता आडती, मशिन तापायला येळ लावतं, नोझल खोकायला लागतं आणि पांढरे कण थुकतं.

नळाचं पाणी आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं घाला. आरओतनं जे बाहेर फेकलं जातं ते घालू नका, त्यात क्षार उलट जास्त. निव्वळ डिस्टिल्ड काही कंपन्या चालवून घेत न्हाईत, पुस्तिका बगा. चार-पाच म्हैन्यांनी लिंबूसत्व गरम पाण्यात मिसळून रातभर ठेवायचं, मशिन बंद ठेवून, झाकण न लावता. सकाळी दोन-तीनदा खळखळून टाकायचं. आणि टाकीत साबण, फिनेल, अत्तर कायबी घालायचं न्हाई. पाणी आणि फकस्त पाणी.

शाहूपुरीची_माई | ९ सप्टेंबर, सायंकाळी ६:२५

रंकाळाकाठ, बुरशीच्या भिंतीवर वाफ मारू नकोस. कळकळीनं सांगते.

आमचं तळमजल्याचं घर. २०१९ ला पुराचं पाणी, २०२१ ला परत पाणी. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आमच्या गल्लीत शाळेतल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ आहे. २०१९ ला पाणी उतरल्यावर कुणीतरी सुचवलं म्हणून वाफेचं मशिन भाड्यानं आणलं. मारताना काय छान वाटलं, काळं सगळं जातंय! आठ दिवसांत तिथंच हिरवं-काळं दुप्पट उगवलं, आणि घरात शिरलं की ओल्या पोत्यासारखा वास. भिंत आधीच आतून पाण्यानं भरलेली, तिला मी वर आणखी गरम पाणी पाजलं होतं.

दुसऱ्या वेळी शहाणे झालो. गाळ जोराच्या पाण्याच्या मशिननं धुतला, ब्लीचिंग पावडर मारली, कंबरेइतका गिलावा खरवडला, आणि मग नुसते पंखे. रंगाला हात लावला तो जानेवारीत.

तुझ्या तिसऱ्या मजल्यावर पूर नाही, पण पाणी कुठूनतरी येतंय. बाहेरच्या भिंतीला चीर असेल, नाहीतर वरच्यांच्या बाथरूमचं. ते शोध आधी.

रंकाळाकाठ | ९ सप्टेंबर, रात्री ९:०५

माई, यादीतून भिंत खोडली. वरच्यांचं बाथरूम बरोब्बर त्याच भिंतीला आहे. आता ते बोलणं कसं काढायचं हा वेगळा धागा.

लॉजवाला_भाऊ | १० सप्टेंबर, सकाळी ११:३०

माझी एसटी स्टँडजवळ छोटी लॉज आहे, त्यामुळं माझ्याकडं वाफेचं मशिन चैनीसाठी नाही. ढेकणांसाठी आहे. कोण कुठली बॅग घेऊन येईल सांगता येत नाही.

ढेकणांवर वाफेसारखं काही नाही, कारण औषधाला ते सरावलेत आणि अंड्यांपर्यंत औषध पोचत नाही. पण पद्धत आहे. टोकदार नोझलनं मारलं तर वाफेच्या झोतानं ढेकूण उडून पलीकडच्या पलंगात जातो. रुंद तोंड लावायचं, त्यावर फडकं बांधायचं, आणि शिवणीवरून इतकं सावकाश जायचं की बघणाऱ्याला वाटावं हा झोपला. पलंगाच्या खाचा, स्क्रूची भोकं, पडद्याची दुमड. दोन आठवड्यांनी परत.

गादीबद्दल: फोमची किंवा स्प्रिंगची असेल तर वरून मारा, आणि पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय चादर घालू नका. कापसाची असेल तर मारूच नका. कापूस आतून ओला राहतो आणि कुबट होतो. तिला गच्चीवरचं ऊन आणि काठी. मुलाच्या शिंकांसाठी आधी व्हॅक्यूम करा. वाफेनं धुळीतले किडे मरतात, पण मेलेले तिथंच राहतात ना.

सोफ्याला जे लोक घरी येऊन ‘स्टीम’ करून देतात, त्यातले बहुतेक स्टीम करतच नाहीत. साबणाचं पाणी फवारून ओढून घेणारं मशिन असतं ते. काम चांगलं करतात, पण वस्तू वेगळी. तुमच्या मशिनला ओढून घेणं येत नाही. मळ सैल होतो, पुसायचा तुम्हीच.

नादखुळा_७ | १० सप्टेंबर, दुपारी १२:१०

मी माझा अनुभव सांगू का, हसायचं नाही. घरी नवं मशिन आलं, मी दिसेल त्यावर मारत सुटलो. दारात चामड्याची कापशी कोल्हापुरी चप्पल होती, घामट वास येत होता. म्हटलं, निर्जंतुक करू.

भावांनो, लेदर डोळ्यादेखत आकसलं. भाकरी तव्यावर फुगती तशी मधी उचलली आणि कडा आत वळल्या. ती घेऊन चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, गेलो तर कारागिरानं हातात घेतली, उलटी केली, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “चुलीत घातलीती?” दुरुस्तीचा विषयच नाही. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं, त्याला ओली उष्णता चालत नाही म्हणाला.

पायात जात होती तवर करकर वाजायची. आता वाजत नाही.

पेठेतला_दादा | १० सप्टेंबर, दुपारी १२:१४

जाळ आणि धूर संगटच!

वहिनी_ताराबाईपार्क | १० सप्टेंबर, दुपारी २:४५

चप्पल परवडली. माझं मनगट गेलं होतं. पाणी संपलं म्हणून झाकण सैल केलं, आतला उरलेला दाब एकदम बाहेर. बॉयलरवाल्या आबांनी लिहिलंय ते अक्षरशः पाळा. वाफेचा चटका गरम पाण्यापेक्षा वाईट, कारण कातड्यावर तिचं पाणी होताना ती सगळी साठवलेली उष्णता तिथंच सोडते. लगेच नळाखाली हात धरा, वीस मिनिटं. घरातल्यांनी पेस्ट आणि हळद आणली होती, मी लावू दिली नाही म्हणून डॉक्टर खूश झाले.

त्यानंतर मी दोन टाक्यांचं घेतलं. पाण्याची टाकी वेगळी, तापणारा भाग वेगळा. मध्येच पाणी भरता येतं, थांबावं लागत नाही, झाकणाचा प्रश्न नाही. महाग आहे. एकाच टाकीचं घेणार असाल तर दाब असेपर्यंत झाकण फिरतच नाही असं कुलूप आहे का बघा, आणि वाफेच्या खटक्याला मुलांसाठी लॉक आहे का तेही.

रंकाळाकाठ | १० सप्टेंबर, रात्री १०:००

वाचून घाबरले आणि सावधही झाले. मध्यम मार्ग निघाला. आमच्याच इमारतीत एका मावशींकडं एक लिटरच्या टाकीचं, १५०० वॅटचं मशिन आहे, वर्षातून एकदा निघतं. मागून आणलं. सासूबाईंना विचारलं, मागून आणलेलं चालतं का पंधरवड्यात? म्हणाल्या, “मागून आणायला कसला मुहूर्त!”

रविवारी करून बघते आणि लिहिते.

रंकाळाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ८:३५

मंडळी, झालं. सविस्तर लिहिते, कारण दुकानदार हे सांगत नाही.

मशिन लावलं बाथरूमबाहेरच्या मोठ्या सॉकेटला. वायर ओट्यापर्यंत जेमतेम पोचली. वायरची लांबी हा मुद्दा कुणीच लिहिला नाही, तो माझ्याकडून. पाणी तापायला साडेसहा-सात मिनिटं. पहिल्या वेळी नोझलमधून आधी थंड पाणीच पचकन उडालं, म्हणून आधी बादलीत सोडून घ्यायचं.

मग आबांनी सांगितलं तसं छोटा गोल ब्रश लावला, जॉइंटला जवळजवळ टेकवला. पहिली दोन-तीन सेकंद काही नाही. मग जॉइंटमधून चहाच्या रंगाचा एक थेंब सुटला, त्यामागं ओघळ, आणि मागं पांढरी रेघ. मी नवऱ्याला हाक मारली. तो आला, बघितलं, आणि दहा मिनिटांनी मशिन त्याच्या हातात होतं. मी फक्त फडकं घेऊन मागं.

फडकं महत्त्वाचं. ओघळ लगेच पुसला नाही तर तेच तेल खालच्या टाइलवर जाऊन थंड होतं आणि परत चिकटतं. एकानं मारायचं, एकानं पुसायचं. सहा फडकी लागली. अख्खी भिंत, तीन टाक्या पाणी, मधल्या थंड होण्यासकट पावणेतीन तास. एके ठिकाणी जुनं व्हाइट सिमेंट उकरलं गेलं, कारण तिथं हट्टानं फार वेळ धरलं. स्विचबोर्डाभोवती वीतभर जागा सोडून हातानंच पुसलं.

बाथरूममध्ये साबणाचा चिकट थर मस्त गेला. नळावरचे पांढरे डाग? ढिम्म. जसेच्या तसे. तो क्षार आहे, वाफ त्याला काय करणार. लिंबूसत्वाचं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवलं, मग गेले. म्हणजे तिथं मशिन नकोच होतं.

चिमणीची जाळीसुद्धा वाफेपेक्षा टबात बरी निघाली. उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, अर्धा तास. आमची स्टीलची आहे. ॲल्युमिनियमची असेल तर सोडा घालू नका, काळी पडते.

सोफ्याला हात लावला नाही, त्यासाठी माणूस बोलावते.

वहिनी_ताराबाईपार्क | १४ सप्टेंबर, रात्री ९:१०

मग घेणार की नाही? तुझ्या यादीतली दोनच कामं उरली.

रंकाळाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

तेच मोजतेय. ओट्याची भिंत आणि बाथरूमचा साबण. पण ती दोन कामं म्हणजे माझी मान आणि माझे दोन रविवार. शिवाय गादी, ती फोमची आहे. घेईन. पण दोन टाक्यांचं नाही. वर्षातून पाच-सहा वेळा काढायचं तर थांबायला वेळ आहे माझ्याकडं.

उद्यमनगरी | १५ सप्टेंबर, सकाळी ७:५०

मग बघताना एवढं बघा: १५०० च्या आसपास वॅट, ३ बार, टाकी लिटरभर. कार्चर कंपनीचं एससी २ त्याच मापाचं आहे, ३.२ बार. हातात धरायचं छोटं घेऊ नका, त्यात पाव लिटरच्या आसपासच पाणी मावतं, काही मिनिटांत संपतं. ते खिडकीच्या खाचा आणि गॅसच्या बर्नरभोवती ठीक. वायर आणि पाइप दुकानात उलगडून बघा. जादा ब्रश आणि रबरी वॉशर कोल्हापुरात मिळतात का तेही तिथंच विचारा, नाहीतर एका वॉशरसाठी पुण्याला कुरिअर करत बसाल. आणि ओट्याजवळ १६ चा पॉइंट आधी.

रंकाळाकाठ | ३ ऑक्टोबर, रात्री ९:१५

काल दसऱ्याच्या मुहूर्तावर आणलं. साडेअकरा हजार. पॉइंट आठवड्याआधीच करून घेतला. सासूबाईंनी मशिनला हळदीकुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं आणि एक झेंडूही टाकीच्या झाकणावर.

निवृत्त_बॉयलरवाला | ३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

कारखान्याकडं बी बॉयलर अग्निप्रदीपनाचंच, म्हंजी हंगामाला बॉयलर पेटवायचंच, दिवस हायत आता. तुमच्याकडं कुणाच्या हस्ते झालं?

रंकाळाकाठ | ३ ऑक्टोबर, रात्री ९:५२

सासूबाईंच्या. खटका त्यांनीच दाबला. सात मिनिटं समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, लाल दिवा जाऊन हिरवा लागेपर्यंत. मग पहिली वाफ बादलीत सोडली तशा म्हणाल्या, “एवढं पाणी तापवलंसा, तर त्यात चहा तरी टाकायचा होतासा.”